अंश, मिनिटे आणि चुकलेली वाट

प्रश्न : मुळशी धरणाच्या परिसरातील एका देवराईचे स्थान मला 18 अंश 30 मिनिटे उत्तर, 73 अंश 30 मिनिटे पूर्व असे कळवण्यात आले होते. जीपीएसमध्ये मी 18.30 आणि 73.30 असे आकडे भरले, तर यंत्राने ताम्हिणी घाट उतरवून माणगावच्या दिशेने नेले. घाटात नकाशा कोरा झाला, तरी आपला ठिपका मात्र सरकत राहिला. हे कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : यंत्राने आपली आज्ञा तंतोतंत पाळली. एका अंशाची मिनिटे साठ असतात, त्यामुळे 30 मिनिटे म्हणजे अर्धा अंश, आणि दशांश पद्धतीत ते आकडे 18.5 व 73.5 असे भरायला हवे होते. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असल्याने 0.2 अंशाच्या फरकाने आपण 22 किलोमीटर दक्षिणेला गेलात. रेखांशातील तेवढ्याच फरकाने जवळजवळ 21 किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे थेट कोकणात. स्थान कळवताना ते कोणत्या पद्धतीने लिहिले आहे हेही कळवावे, असा माझा आग्रह आहे.

ठिपका सरकत राहिला, कारण स्थान ठरवायला इंटरनेट लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरील उपग्रह वेळेची नोंद असलेले संदेश सतत पाठवत असतात आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळावरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. यंत्रातले घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके अचूक नसते, आणि एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक अंतरात 300 मीटरची होते. म्हणून ती चूकही गणितातून काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. एवढे करून हाती येतात ते केवळ आकडे. गाव, रस्ता, घाट यांची माहिती वेगळ्या नकाशात असते, आणि आपला नकाशा बहुधा नेटवर्कवरून तुकड्यातुकड्याने येत होता. निघण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा.

या नकाशात रस्ता म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंची साखळी असते. ठिपका थोडा बाजूला पडला, तर यंत्र त्याला जवळच्या रस्त्यावर बसवते. उड्डाणपुलाखालून जाताना आपण पुलावर दिसतो ते यामुळेच. देवराईची पायवाट नकाशात नोंदलेली नसेल, तर आकडे बरोबर भरूनही यंत्र आपल्याला जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंतच पोहोचवेल. तिथून पुढची वाट गावातल्या माणसाला विचारावी.