भाचीला सिस्टर होऊन शाळेत शिकवायचंय. हे आयुष्य आतून कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमची २३ वर्षांची भाची धर्मभगिनी होऊन शिक्षिका व्हायचं म्हणते आहे, घरचे घाबरलेत, आणि हे आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं, पगार कुणाला मिळतो, घरी येता येतं का, मध्येच नको वाटलं तर काय, म्हातारपणी कसं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी सिस्टर आहे. ३१ वर्षं शाळेत होते, गणित शिकवायचे. या ३१ वर्षांच्या मध्ये सहा वर्षं अशी गेली की मी वर्गात पाऊलही ठेवलं नाही. त्या सहा वर्षांबद्दल नीट सांगेन, कारण तुमच्या भाचीने विचार करायचा तो त्याच गोष्टीचा.

आधी घरच्यांची भीती. तिला कुणी घाईघाईने बांधून घेणार नाही, चर्चचा कायदाच घेऊ देत नाही. १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे नॉव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा मुख्य काळ, किमान १२ महिन्यांचा असावा लागतो. त्यात ती कधीही निघून जाऊ शकते. त्यानंतरची व्रतं तात्पुरती असतात, किमान तीन वर्षं, सहसा सहा वर्षांपर्यंत. ती मुदत संपली की पुढे जायचं की घरी परतायचं हे तिचं तिने ठरवायचं, आणि धर्मसंघालाही तिला नाही म्हणता येतं. कायमची व्रतं या सगळ्यानंतर. त्याआधीची ओळखीची वर्षं, शिक्षणशास्त्राची पदवी हे धरलं तर एकूण आठ-दहा वर्षं सहज जातात. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी दोघी तात्पुरत्या व्रतांनंतर परत गेल्या. त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, आजही आमचं बोलणं होतं. घरी जाण्याचे नियम प्रत्येक संघाचे वेगळे असतात. मला वर्षाला सुट्टी मिळायची, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने तिच्या उशाशी राहता आलं.

दिवस कसा जातो? पहाटे उठून चॅपेलमध्ये स्तोत्रांची प्रार्थना, काही वेळ मौनात मनन, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न्याहारी, मग शाळा. संध्याकाळी वह्या, सायंप्रार्थना, जेवण, थोड्या गप्पा, रात्रीची प्रार्थना आणि झोप. लोकांना वाटतं एवढी प्रार्थना जड जात असेल. मला ती कधी जड गेली नाही, जड गेलं ते एकत्र राहणं. जिच्याशी दुपारी स्टाफरूममध्ये वेळापत्रकावरून खटका उडाला, तिच्याच शेजारी संध्याकाळी प्रार्थनेला बसायचं आणि रात्री तिलाच भाजी वाढायची. इतर शिक्षिका शाळा सुटली की घरी जातात, दार लावून घेतात. आमचं घर म्हणजे कॉन्व्हेंट. मराठीत हा शब्द आपण शाळेसाठी वापरतो, पण तो मुळात सिस्टरांच्या निवासाचा आहे. तिथे बऱ्याचदा मुख्याध्यापिकाच घरची सुपीरियर, म्हणजे प्रमुखही असते. हे निभावायला शिकायला मला दहा वर्षं लागली.

आता व्रतं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन.

दारिद्र्याचं व्रत म्हणजे माझा पगार माझा नसतो. सिस्टर जे कमावते ते संघाचं होतं, तिचं खाणं-पिणं, औषधपाणी, शिक्षण, म्हातारपण सगळं संघ बघतो. कायमच्या व्रतांआधी कायदेशीर मृत्युपत्रही करावं लागतं. माझ्या नावावर काहीच नव्हतं, तरी मी सही करायला बसले तेव्हा हात थरथरला होता. पैसे नसण्याचा त्रास होत नाही. नवी चप्पल हवी असेल तर चाळिशीतल्या बाईने दुसऱ्या बाईला विचारायचं, याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. ब्रह्मचर्याबद्दल एवढंच सांगते: पस्तिशीच्या आसपास मूल नसल्याची जाणीव मला फार तीव्रतेने झाली. वर्गात एखाद्या मुलीला ताप यायचा, मी तिला मांडीवर घेऊन बसायचे, मग तिची आई धावत यायची आणि मुलगी माझ्याकडे न बघता तिच्या गळ्यात पडायची. ते बरोबरच होतं. तरी त्या संध्याकाळी चॅपेलमध्ये बराच वेळ बसून राहायचे.

खरं कठीण व्रत आज्ञापालनाचं. बाहेरच्यांना त्याचं काही वाटत नाही, आणि आत येणाऱ्या मुलीही सुरुवातीला ते सोपं समजतात. शिक्षिकेच्या बाबतीत त्याचा अर्थ असतो बदली. वर्षअखेरीला प्रोव्हिन्शियल सिस्टरचं, म्हणजे संघाच्या आमच्या प्रांताच्या प्रमुखांचं पत्र येतं आणि काही आठवड्यांत दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत. मी पाच शाळा पाहिल्या. सहावीत अपूर्णांकांना घाबरणाऱ्या एका मुलीबरोबर वर्षभर रोज मधल्या सुट्टीत बसले होते, कागदाच्या घड्या घालून तिला छेद समजावला होता. सातवीत ती बीजगणितात उडी मारेल असं मला दिसत होतं. ते वर्ष मला मिळालं नाही. मुलांची मधलीच पानं आमच्या वाट्याला येतात, पुढचं पुस्तक दुसरं कुणीतरी वाचतं.

आणि एका वर्षीच्या पत्रात शाळेचं नावच नव्हतं. प्रांताच्या कार्यालयात हिशेब बघायला ये, गणित येतं तुला, असं लिहिलं होतं. मी प्रोव्हिन्शियल सिस्टरना भेटायला गेले. मला शिकवायचंय म्हणून स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, विचार करायला आठवडा घेतला आणि निर्णय तोच ठेवला. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. शेजारच्या शाळेची घंटा झाली की पेन खाली ठेवायचे. मी सिस्टर शिकवण्यासाठी झाले होते की सिस्टर व्हायचं होतं म्हणून शिकवत होते, हा प्रश्न मला वयाच्या ४३व्या वर्षी पहिल्यांदा पडला. उत्तर यायला दोन वर्षं लागली. मी राहिले. माझ्या जागी दुसरी कुणी निघून गेली असती तर तीही चुकली असं मी म्हणणार नाही.

त्या काळात मला मेरी वॉर्डच्या चरित्राने फार आधार दिला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर, १५६३पासून, व्रतस्थ स्त्रियांनी भिंतींच्या आतच राहायचं असा कडक नियम झाला होता. या इंग्लिश बाईने १६०९मध्ये सोबतिणींसह मुलींसाठी शाळा चालवणारा संघ सुरू केला. त्यांना बंदिस्त मठ नको होता, कारण बंदिस्त राहून शाळेची कामं होत नाहीत. परवानगी मागायला ती युरोप ओलांडून रोमला चालत गेली. १६३१मध्ये पोप आठवे अर्बन यांनी तिचा संघ बंद केला आणि तिला म्युनिकच्या एका मठात कोंडण्यात आलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची, म्हणजे कागद शेकल्यावरच अक्षरं दिसावीत. १६४५मध्ये ती वारली. संस्थापिका म्हणून तिचं नाव घ्यायची मोकळीक तिच्या सिस्टरांना १९०९मध्ये मिळाली. आज सिस्टर खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहते, तो हक्क कुणीतरी असा झगडून मिळवलेला आहे.

मेरी वॉर्डच्याच परंपरेतल्या लोरेटो संघात पुढे एक तरुण सिस्टर कोलकात्यात भूगोल शिकवत होती, १९४४मध्ये मुख्याध्यापिकाही झाली. ती मदर तेरेसा. १९४६च्या सप्टेंबरमध्ये तिला गरिबांमध्ये जाण्याची हाक आली, पण परवानगी मिळून ती कॉन्व्हेंटबाहेर पडली ऑगस्ट १९४८मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षं तिने थांबून काढली. लोक तिचं पुढचं काम सांगतात, मला मात्र ती दोन वर्षं जास्त आठवतात.

सगळं चांगलंच असतं असं मी लिहिलं तर तुमच्या भाचीशी खोटं बोलल्यासारखं होईल. हातात छडी आणि मनात राग घेऊन वर्गात जाणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालवलेल्या निवासी संस्थांत मुलांवर झालेल्या अत्याचारांचा सरकारी आयोगाचा अहवाल २००९मध्ये आला. आमच्याकडे तो आम्ही एकत्र बसून चर्चेला घेतला, कुणाला मान वर करवत नव्हती. आज्ञापालनाचं व्रत चुकीच्या माणसाच्या हाती पडलं तर काय होतं, हे त्यातून कळतं. म्हणून भाचीने संघ निवडताना तिथे तक्रार कुठे करता येते, ती कोण ऐकतं, हे बेधडक विचारावं. विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील तो संघ सोडून द्यावा.

शिक्षणाची काळजी करू नका. संगणकशास्त्रातली डॉक्टरेट अमेरिकेत १९६५मध्ये पहिल्यांदा मिळवणाऱ्या दोघांपैकी एक सिस्टर मेरी केनेथ केलर होत्या, आणि त्यांनी पुढे एका कॉलेजात त्या विषयाचा विभाग उभा करून वीस वर्षं सांभाळला.

म्हातारपणाचंही विचारलंत. मी आता वयस्क सिस्टरांच्या घरात राहते. १९८६मध्ये डेव्हिड स्नोडन या संशोधकाने अमेरिकेतल्या स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघाच्या सिस्टरांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ७५ वर्षांवरच्या ६७८ जणी सहभागी झाल्या, बहुतेक निवृत्त शिक्षिका. सगळ्यांचं राहणीमान सारखं, म्हणून फरक शोधणं सोपं. त्यांनी विशीत व्रतांआधी हाताने लिहिलेली छोटी आत्मचरित्रं संघाच्या कपाटात जपलेली होती. ज्यांच्या त्या लिखाणात कल्पना दाट होत्या, म्हणजे थोड्या शब्दांत जास्त विचार मांडलेले होते, त्यांना म्हातारपणी अल्झायमर कमी आढळला. १०१व्या वर्षी वारलेल्या एका सिस्टरच्या मेंदूत तर त्या आजाराच्या खुणा भरपूर सापडल्या, पण शेवटपर्यंत तिच्या चाचण्या उत्तम होत्या. हे कळलं कसं? त्या सगळ्या जणींनी मृत्यूनंतर मेंदू दान करायला संमती दिली होती. फळ्यापुढून उठल्यावरही त्यांनी शिकवणं सोडलं नाही, हे वाचून मला भरून आलं.

तुमच्या भाचीला एक प्रश्न विचारा. शिकवायला कधीच मिळालं नाही, आयुष्यभर स्वयंपाकघर किंवा हिशेब सांभाळावे लागले, तरी तिला सिस्टर व्हायचंय का? ती नाही म्हणाली तर तिने शिक्षिका व्हावं, मनापासून व्हावं, आणि रविवारी मिस्साला जावं. ते काही कमी नाही. ती गप्प झाली तर घाई करू नका, तिला वेळ द्या. आणि हो म्हणाली तर तिला एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये चार-आठ दिवस राहायला पाठवा, बहुतेक संघ तशी सोय करतात. सणासुदीला नको, परीक्षेच्या दिवसांत पाठवा, जेव्हा सगळ्या दमलेल्या असतात आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर असतात. तिथल्या सगळ्यात वयस्क सिस्टरजवळ बसून तिने विचारावं, तुमच्या किती बदल्या झाल्या, आणि कुठली शाळा सोडताना रडलात.