आजीच्या आठवणीने रडण्याऐवजी हसू येतं, हे चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की आजी जाऊन दोन महिने झाले, घरातले अजून डोळे पुसतात आणि तुम्हाला मात्र तिचं बोलणं आठवून हसू फुटतं. मग अपराधी वाटतं.

माझी आजी इंदूरला, रामबागेतल्या घरी गेली. वय ८७. मला पहिलं रडू आलं ते चौथ्या दिवशी, आणि तेही संतापाने. काकाने पेपरात दिलेल्या निधनवार्तेत छापलं होतं, 'अत्यंत शांत, मितभाषी व मनमिळाऊ'. मी दोनदा वाचलं. नाव तर आमच्याच आजीचं होतं.

मितभाषी! एकदा आत्याच्या सासरची मंडळी पुण्याहून आली होती. आजी म्हणाली, "थांबा, मी पाणी भरून राहिली." त्यातल्या एका बाईंनी हसत दुरुस्ती केली, "भरून राहिली नाही हो, भरतेय." आजी म्हणाली, "काय करता, मल्हाररावांबरोबर निघालो तेव्हा व्याकरणाचं पुस्तक बैलगाडीतून पडलं." एवढ्यावर थांबेल ती आजी कसली. पुढचे तीन दिवस ती त्या मंडळींशी फक्त हिंदीत बोलली. का, तर "हमसे बात करके आपकी मराठी बिगड़ जाएगी." पोहेसुद्धा तिने हिंदीतूनच वाढले: वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर शेव, जिरावण मसाला, शेजारी जिलबी. बाईंनी दुसऱ्यांदा मागितले, तेव्हा आजीच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मनमिळाऊपणा म्हणत नाहीत.

कवळीचा किस्सा तर आमच्या गल्लीत अजून चालतो. नवी कवळी आली म्हणून जुनी टाकायला ती कचऱ्याच्या गाडीपाशी गेली. इंदूर २०१७पासून सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिलं आलं, त्यामुळे आमचे गाडीवाले ओला-सुका कचरा वेगळा नसेल तर ऐकून घेत नाहीत. त्याने विचारलं, "अम्मा, ये गीला है कि सूखा?" आजी म्हणाली, "भैया, बाईस साल मुँह में था, तू ही सोच." मागे बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका हसून वाकल्या. गाडीवाला बिचारा कवळी हातात धरून विचार करत होता.

आणि पाणी. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८मध्ये आलं. त्याआधीचे हंडे आजीने वाहिले होते, त्यामुळे नळाला ती देवासारखं जपायची. जलूदहून सत्तर किलोमीटर, तेही डोंगर चढून पाणी येतं, हे तिने आम्हाला पाढ्यांसारखं पाठ करवलं होतं. समोरचे काका नळाला थेट मोटर लावायचे. नळ आला आणि आमची धार बारीक झाली की आजी गॅलरीत. "मैया डोंगर चढून येते आणि तुझ्याच्याने बादली उचलवत नाही काय रे?" काका तेव्हा साठीचे होते, घरात नातवंडं होती. ते निमूट मोटर बंद करायचे.

भिंतीवर कुठला फोटो लावायचा तेही तिने सांगून ठेवलं होतं: रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतला. राजवाड्यासमोर, अंगावर टँकरचं पाणी, तोंड निळं-हिरवं, फक्त दात पांढरे (नवी कवळी). काकाने ऐकलं नाही. आधारकार्डावरचा मोठा करून लावलाय. त्यात ती नुकतीच पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते.

दहाव्याला सगळे तयारीने आले होते. कावळा शिवला नाही तर कोणी काय कबूल करायचं, हे ठरलेलं. आत्या सराफा बाजारातले तळलेले गराडू (कंद) देणार होती, काकाकडे चांगलं मोठं मनोगत होतं. त्याने हात जोडून घसा साफ केला, तेवढ्यात कावळा पिंडावर. आत्या म्हणाली, "तुझं भाषण ऐकायला थांबते होय ती!" घाटावर आम्ही सगळे हसलो. गुरुजीसुद्धा. नंतर रिक्षात आत्या इतकी रडली की मला तिला धरावं लागलं. तुम्ही चूक आहे का विचारलंत. मला तरी त्या दिवशी हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कळलं नाही. काकाने लिहिलेल्या त्या शांत बाईसाठी मात्र मला एकदाही रडू आलेलं नाही.

तेराव्याला समोरचे काका जेवायला आले, आजीच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. दोन दिवसांनी नळ आला आणि आमची धार बारीक झाली. मी हातातलं टाकून गॅलरीत गेले. "काका, मैया डोंगर चढून येते!" एवढंच ओरडले, पुढचं मला जमेना.

मोटर बंद झाली. काका खिडकीत आले, म्हणाले, "बादलीचं राहिलं."