हिवाळ्यानंतर गाडीचा रंग मळकट आणि खरखरीत झालाय. घरीच चमकवायला कुठलं पॉलिश वापरू? आठ वर्षांचा रंग बफिंग मशीन सोसेल का?

पॉलिशचं शेवटी सांगते. तुम्ही लिहिलंय की हिवाळाभर गाडी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली, आता हात फिरवला की खरखर लागते, आणि या सुट्टीत मशीन आणून एका दिवसात काम उरकायचा विचार आहे. हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरी अगदी असंच एका दिवसात उरकायला घेतलं होतं आणि त्यात बाबांच्या गाडीचं बॉनेट गेलं.

गाडी लाल, नऊ वर्षांची. बाबांनी कधी तिच्यावर कोरडं फडकंसुद्धा मारू दिलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाडी दादाकडे गेली आणि चार महिने धुतलीच गेली नाही. थंडी सरल्यावर दादाने ठरवलं की बाबा हिंडूफिरू लागायच्या आत ती नव्यासारखी करून द्यायची. त्याच्या मनात प्रेमच होतं, हे मी आजही म्हणते. मी म्हटलं, दादा, आधी नीट धुऊ या, दोन दिवस जाऊ देत. तर म्हणाला, "अगं, पाणी मारलंय की वरून. कंपाउंड कशासाठी असतं? घाण काढायलाच ना? तू वायर धर."

कंपाउंड म्हणजे पॉलिशपेक्षा खरबरीत पेस्ट, ते घाण काढायला नसतं. कंपाउंड रंग काढतं. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याची, संरक्षणही त्याचंच. पॉलिश करायचं म्हणजे तो थर किंचित खरवडून सपाट करायचा. पॅडखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो तिथेच गोल गोल फिरत राहतो.

मी वायर धरून उभी होते. दादाने आणलेलं मशीन रोटरी होतं, म्हणजे पॅड एकाच जागी गरगर फिरणारं, चटकन तापणारं. पहिली दहा मिनिटं बॉनेट असं चमकलं की दादा माझ्याकडे वळून हसला. मग बॉनेटच्या मधली उंचवट्याची रेघ आली. पांढरा पॅड आधी गुलाबी झाला, मग लाल. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरला की समजायचं, क्लिअर कोट संपला. मी ओरडेपर्यंत रेघेवर बोटभर रुंदीचा पट्टा निघाला होता आणि त्याखालून राखाडी प्रायमर दिसत होता. उरलेल्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. कडा आणि उंचवटे यांवर रंग मुळात पातळ बसतो, तिथे मास्किंग टेप लावायची असते. दादाने टेप आणलीच नव्हती.

तेव्हापासून तो म्हणतो, "नऊ वर्षांचा रंग, हलकाच झाला होता. कोणीही केलं असतं तरी गेला असता." चार माणसं जमली की म्हणतो.

दरवाजे, छप्पर आणि डिकी मी केली. तीन दिवस लागले. पहिला दिवस नुसता पाण्यात गेला, तोही बराचसा गाडीच्या खाली. नुसतं मीठ शाबूत क्लिअर कोटला फारसं काही करत नाही. दगड उडून टवका गेलेला असतो तिथून ते पत्र्याला भिडतं, आणि चाकांच्या वरच्या पोकळीत चिखलात मुरून बसतं. कॅल्शियम क्लोराइड टाकलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे तो चिखल कोरडा वाटला तरी आतून दमट राहतो. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. आमच्या गाडीची दोन बुजली होती. काडी घातली तर कपभर करडं पाणी आलं, तळहातावर सुकल्यावर पांढरी साय उरली.

मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली धुवायचं, दाराखालचा भाग सगळ्यात शेवटी. भांड्यांचा साबण स्वयंपाकघरात राहू द्या. खळबळायच्या बादलीच्या तळाशी जो थर बसला तो मी बोटांनी चोळून पाहिला, चक्क वाळू होती. दादाने हीच पॅडखाली घातली होती.

एवढं धुऊनही खरखर जात नाही, आणि इथेच लोक मशीन उचलतात. ती खरखर बहुतेक लोखंडाची असते. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅडचे बारीक कण उडतात, रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपके होऊन दिसतात, लाल गाडीवर फक्त हाताला कळतात. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, मारायचा. मिनिटभरात लाल दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागले. वास वाईट येतो, हातमोजे घाला, आणि तो सुकायच्या आत धुऊन टाका. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने जातात. शेवटी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी: भरपूर ओलं करून, दाब न देता, सरळ रेषेत फिरवायचा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू काढायची. जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, धुऊनसुद्धा वापरायचा नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावर बोटं फिरवा. उघड्या हाताला न लागणारा कणही पिशवीतून लागतो. काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिशचा विचार करू नका.

आता तुमचा जुन्या रंगाचा प्रश्न. आमचं बॉनेट पुन्हा रंगवायला नेलं तेव्हा रंगवणाऱ्याने जाडी मोजायचं मीटर लावलं. छप्पर ११८ मायक्रॉन, दरवाजे ११२ ते १२०, बॉनेटच्या मधोमध ९४ आणि त्या रेघेवर ५१. नऊ वर्षं ऊन, पाऊस, बर्फ सगळ्या गाडीने सारखंच खाल्लं होतं. रंग हलका झाला असता तर आधी छप्पर गेलं असतं. मी ते आकडे कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवलेत. दादा म्हणतो, मीटर चुकीचं असेल. बाबा वादात पडत नाहीत, पण गाडीत बसण्याआधी मी केलेल्या दारावर हात फिरवतात.

तेव्हा आठ वर्षांचा रंग सोसेल, वाळू आणि लोखंड काढलेलं असेल तर. पण मध्ये कधी गाडी रंगवली किंवा रबिंग करून घेतली असेल तर मीटर लावल्याशिवाय मशीन नको. मॅट रंगाला पॉलिश अजिबात लावायचं नाही. नखाला अडकणारा चरा पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका. रंगाखाली गंजाचे फुगे दिसत असतील तर ते काम आधी: पत्रा लागेपर्यंत खरवडा, प्रायमर आणि टच-अप लावा, पूर्ण वाळू द्या. हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना.

आणि पॉलिश: बाटलीवर फिनिशिंग लिहिलेलं, सगळ्यात बारीक. मशीन ड्युअल ॲक्शनच, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलतो आणि रोटरीइतका तापत नाही असं, मऊ पॅड, कडांना टेप. आधी डिकीवर वीतभर जागेत करून उन्हात नेऊन बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडचा डबा उघडूही नका. वर संरक्षणासाठी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम थर) चढवा; वॅक्स काही आठवड्यांत उतरतं, सीलंट काही महिने टिकतं. मी दारांना मशीन लावलंच नाही, क्लेनंतर हाताने पॉलिश केलं आणि ते पुरलं.