फुगडी घालायची, खेळायची की नाचायची?

प्रश्न असा: नाशिकच्या एका महिला मंडळाला ८ मार्चची पत्रिका छापायची आहे. 'फुगडी खेळणे' पोरखेळासारखं वाटतं, म्हणून 'फुगडी नृत्य' लिहावं का? आणि शेजारच्या प्रात्यक्षिकाला 'गोधडी विणणे' म्हणावं की 'शिवणे'?

'फुगडी घालणे' छापा. 'खेळणे'ही बरोबरच. झिम्मा खेळतात, पिंगा घालतात, फेर धरतात. ही क्रियापदं ठरलेली आहेत. 'नृत्य' जोडून मान वाढेल असं मला वाटत नाही. 'नाचणारी' म्हटलं की बाईकडे बोट दाखवायचं, ही पांढरपेशा घरांची सवय. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी भागात पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर बायका-पुरुष एकत्र नाचतात, तिथे 'नाच' शब्दाला असा डाग नाही. वारीत पुरुष फुगडी घालतात, तेव्हा तिला पोरखेळ कोण म्हणतं? कमीपणा आला तो बायकांच्या अंगमेहनतीला घरातली करमणूक समजल्यामुळे.

मेहनत दिसावी असं वाटत असेल, तर निवेदनात कृती सांगा. समोरासमोर उभं राहून चवडे जुळवायचे, हातांची फुली करून उजव्याने उजवा, डाव्याने डावा घट्ट धरायचा, मागे रेलायचं आणि चवड्यांवर गिरकी घ्यायची. कोपरं वाकली की तोल एकीकडे जातो. पावलांत अंतर पडलं की गिरकी जागा सोडते. आणि थांबताना एकीनेच हात सोडला, तर दुसरी पाठीवर आपटते. वेग उतरवून दोघींनी मिळून थांबायचं. बस फुगडी, दंड फुगडी, एका हाताची फुगडी असे प्रकार नावानिशी छापा.

गोधडी मात्र शिवतातच. विणायला माग लागतो, ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) लागतो. तो येवल्याच्या पैठणीचा प्रांत. (तिथेही मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईला 'विणकर' म्हणायला जीभ अडखळते, ते वेगळं दुखणं.) गोधडीत जुन्या सुती लुगड्यांचे थर जमिनीवर ताणून अंथरतात, आधी कच्चे टाके घालतात, मग कडेकडून मध्याकडे धावदोरा. कच्चा टाका चुकवला की थर सरकतात आणि मधोमध फुगा येतो. मध्ये सिंथेटिक साडी घातली तर हमखास.

तेव्हा पत्रिकेत 'गोधडी शिवण्याचे प्रात्यक्षिक' लिहा आणि 'हस्तकला विभाग' या मोघम मथळ्याऐवजी शिवणाऱ्या बायकांची नावं द्या.