जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यूच्या फॅन लोकांना पहिल्यांदा भेटून राहिली ना, मग हे वाच

अगं घाबरू नको, फक्त पहिली भेट कोणाच्या घरी ठेवू नको, नागपुरात सीताबर्डीत मेट्रो स्टेशनजवळ दिवसा भेटा अन् आईला सांगून जा. बॅगला पिवळा पूह, म्हणजे कार्टूनमधलं ते अस्वल, लटकव, हान्यूच्या स्केटनंतर फॅन बर्फावर पूहच फेकायचे ना, ओळख लगेच पटते. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा तर्री पोहे थंड झाले, पाचही जणी एकाच मोबाईलवर २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली हान्यूची ती साडेचार फेऱ्यांची अ‍ॅक्सेल उडी पाहून राहिलो होतो, तो पडला तशी बाजूचीने माझा हात घट्ट धरला, नाव पण माहीत नव्हतं तिचं. नवीन आहे म्हणून गप्प बसू नको, टो लूप अन् सालकाव या उड्यांमधला फरक बिनधास्त विचार, टो लूपला ब्लेडचं टोक बर्फात रोवतात, सालकावला नाही. अन् फोटो टाकायच्या आधी सगळ्यांना विचार बरं.