अ‍ॅक्सेसवरचं काम आणि लाखभराचा कोर्स

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम. झाली. गेली दोन वर्षं इथे देवगडात एका आंबा व्यापाऱ्याकडे पेट्यांच्या नोंदी ठेवते, बागायतदारांचे हिशेब काढून देते. सगळं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर. पुण्याच्या एका क्लासवाल्यांनी सांगितलं की हे जुनं झालं, लाखभर भरून डेटा सायन्स शिकू दे. कर्ज काढू का?

उत्तर: ताई, आत्ता कर्ज काढू नका. अ‍ॅक्सेस हे डेटाबेसचं, म्हणजे नोंदी साठवायचं, सॉफ्टवेअर १९९२ सालचं आहे हे खरं. पण टेबल बनवणं, नोंदी शोधून दुरुस्त करणं, त्यातून रिपोर्ट काढणं हे जे काम ती करते, ते कुठल्याही डेटाबेसवर करावंच लागतं. माहिती टेबलांत मांडून ती एकमेकांशी जोडायची ही पद्धत संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, आणि आजही बहुतेक हिशेबी सॉफ्टवेअर तिच्यावरच उभी आहेत. मुलीच्या हातात पाया आहे. तो पक्का किती आहे, एवढंच बघायला हवं.

तिला एक विचारा. बागायतदाराचं नाव-गाव ती प्रत्येक नोंदीत नव्याने टाइप करते का? करत असेल, तर एका ओळीत 'मिठबाव' आणि दुसरीत 'मिठबांव' पडणारच. मग गाववार रिपोर्ट काढला की एकाच गावाचे दोन गट होतात, पेट्यांची बेरीज फुटते आणि हंगामाच्या गर्दीत कुणाच्या लक्षातही येत नाही. बागायतदारांचं वेगळं टेबल करायचं, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि पेट्यांच्या नोंदीत फक्त तो क्रमांक ठेवायचा. दोन टेबलांमधलं नातं नीट बांधलं, तर यादीत नसलेला क्रमांक अ‍ॅक्सेस घेतच नाही. हे तिने स्वतः करून पाहिलं, तर अर्धा डेटाबेस तिला समजला असं मी म्हणेन.

पुढची पायरी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आणि ती दुरुस्त करायची भाषा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. तिच्या सरावासाठी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे सॉफ्टवेअर किंवा डीबीव्हर या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर फुकट मिळते. अ‍ॅक्सेस आणि डीबी ब्राउझरमधला एक फरक लक्षात ठेवू दे. अ‍ॅक्सेसमध्ये पुढच्या ओळीवर गेलं की आधीच्या ओळीतला बदल लगेच साठतो. डीबी ब्राउझरमध्ये 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत तो मागे घेता येतो. आणि दर दुरुस्त करताना 'अपडेट' या एसक्यूएलच्या आज्ञेत 'व्हेअर', म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, राहून गेली, तर एका पेटीऐवजी टेबलातल्या सगळ्या पेट्यांचा दर बदलतो. म्हणून तीच अट आधी 'सिलेक्ट'ला, म्हणजे ओळी नुसत्या दाखवणाऱ्या आज्ञेला, लावून किती ओळी येतात ते पाहायचं, फाइलची प्रत काढून ठेवायची आणि मगच दुरुस्ती करायची. ही सवय नोकरीत फार उपयोगी पडते.

रिपोर्टच्या बाबतीत ती बी.कॉम. आहे याचा मला खरोखर आनंद वाटतो. पट्टीतली, म्हणजे विक्रीच्या हिशेबातली, आडत (दलाली), हमाली, वाहतूक वजा जाऊन बागायतदाराच्या हाती किती येतं, हे तिला कळतं. नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्याला ते आधी समजावून सांगावं लागतं.

अ‍ॅक्सेसला मर्यादाही आहेत. फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, आणि एकाच वेळी बरेच जण नोंदी करू लागले की ते अडखळतं. तिथे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखा मोठा डेटाबेस लागतो. डीबीव्हर दोन्हींना जोडता येतं, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

जाहिरातींत 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह', म्हणजे कंपनीच्या आकड्यांचे रिपोर्ट काढून देणारा, हे पद शोधायला सांगा. एक्सेल, एसक्यूएल आणि रिपोर्टिंग तिथेच मागतात. देवगडात अशा जागा थोड्याच. रत्नागिरी, कुडाळ आणि अर्थातच मुंबईकडे नजर ठेवावी लागेल. डेटा सायन्सला संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. एसक्यूएलमध्ये रमली आणि त्यापुढचं शिकावंसं वाटलं, तर त्या कोर्सचा विचार तेव्हा करू. मे संपला की पेट्यांची घाई ओसरते. पावसाळ्यातल्या संध्याकाळी या अभ्यासाला पुरतील. दिवाळीच्या सुमारास तिने स्वतः बांधलेली टेबलं आणि एक रिपोर्ट मला पाठवू दे. बागायतदारांची नावं आणि रकमा मात्र बदलून.