तुम्ही विचारा, आम्ही सांगतो

प्रश्न : मैफली, रेकॉर्डिंग आणि वर इन्स्टाग्राम, मग व्हायोलिनवादक रियाज करतो कधी?

उत्तर : अमेरिकेची हिलरी हान बघा. १९९७ साली पहिल्याच अल्बममध्ये एकटीनं बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवलेली ही बाई २०१७मध्ये सलग १०० दिवसांचा रियाजच इन्स्टाग्रामवर टाकू लागली. अडखळणं, तीच ओळ पुन्हा घोटणं, सगळं तसंच! म्हणजे वेगळा वेळ काढायलाच नको.

मीही फोन डग्ग्याला टेकवून भीमपलासीची एकच तान घासली. कोमल गंधार जरा चढाच लागला होता, तोही तसाच गेला. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात मात्र फोन बंद. स्टुडिओतला माइक गजाची खरखरसुद्धा सोडत नाही हो! रसिकांना उत्तरं एसटीत बसून देतो.